माझ्या लेखाचा पहिला वाचक

गेल्या जुलैतल्या एका दुपारी, कॉलेजच्या ग्रंथालयात, मी माझाच एक जुना लेख पहिल्यांदा कानांनी ऐकला. बाहेर कोल्हापूरचा पाऊस लागून राहिला होता. खिडकीशेजारच्या टेबलावर एम.ए. भाग दोनचा माझा एक विद्यार्थी बसला होता. शाहूवाडी तालुक्यातला. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. तो ते इतक्या वेगानं ऐकतो की शेजारच्याला नुसता किलबिलाट वाटावा. जात्यावरच्या ओव्यांवर त्याला प्रकल्प करायचा होता. "मॅडम, तुमचा लेख आहे न्हवं यावर?" असं त्यानं आदल्या दिवशी विचारलं आणि मी रात्रीच पीडीएफ पाठवून दिली. मला फार बरं वाटलं होतं. 2013 साली छापलेल्या त्या लेखाबद्दल तोवर कुणीही, कधीही काही विचारलं नव्हतं.

त्यानं एक इअरफोन माझ्या हातात दिला आणि आवाजाचा वेग कमी केला. आतून एक सपाट आवाज इंग्रजी मुळाक्षरं म्हणत होता. मध्येच कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह, मग स्वल्पविराम, परत अक्षरं. मी पडद्याकडं पाहिलं. तिथं स्वच्छ मराठी होतं. ठळक शीर्षक, खाली माझं नाव, दोन्ही कडांना सरळ बसवलेले परिच्छेद.

"मॅडम, ही फाईल मराठी न्हाई," तो म्हणाला.

मला पटेना. मी पानं खाली सरकवत राहिले आणि तो आवाज तेच बडबडत राहिला.

ज्यांनी 2000 ते 2015 च्या काळात मराठी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी, केलं किंवा करून घेतलं त्यांना हे लगेच कळेल. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. तुम्ही 'क' टाइप केलात तरी संगणकाच्या लेखी ते कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्हच. कागदावर मात्र 'क' उमटायचा. छापखान्याला तेवढं पुरे होतं. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या प्रमाणपद्धतीनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरीसाठी तिथं 128 जागांचा एक गट 1991 सालीच राखून ठेवला गेला. 'ॲ' हे अक्षर त्यात 2008 साली आलं. म्हणजे मी लेख टाइप करून घेतला तेव्हा हे सगळं उपलब्ध होतं. राजारामपुरीतल्या ज्या दुकानात मी वही घेऊन गेले तिथं कुणी ते वापरत नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. मी शुद्धलेखन तपासलं, वेलांट्या तपासल्या, तळटीपा तपासल्या. अक्षराच्या आत काय आहे ते तपासायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

जे त्या मुलाला ऐकू आलं नाही ते गूगललाही सापडत नाही. 'जात्यावरच्या ओव्या' असं कुणी कितीदाही शोधलं तरी माझा लेख वर यायचा नाही, कारण त्या लेखात, संगणकाच्या हिशेबानं, 'जातं' हा शब्दच नाही. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी कपाटातले जुने विशेषांक आणि सीडी काढल्या. सहकाऱ्यांचे लेख, माझ्या गुरूंचे लेख, कुणाकुणाचे एम.फिल.चे प्रबंध. लोकांनी गावोगाव फिरून गोळा केलेले शब्द होते त्यांत. बहुतेक सगळे त्याच फॉन्टांत. मला जेवण गेलं नाही.

तो लेख कसा छापून आला, तेही सांगायला हवं. एका राष्ट्रीय चर्चासत्रासाठी मी तो लिहिला. नोंदणीची आणि विशेषांकाची मिळून दीड हजार रुपये फी भरली. वाचायला मला सहा मिनिटं मिळाली, त्यातली दोन स्वागतात आणि एक पुष्पगुच्छात गेली. लेख पाठवला तसाच्या तसा छापला गेला. एक ओळ कापली गेली नाही, एक प्रश्न आला नाही, 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असं मुखपृष्ठावर 'पीअर रिव्ह्यूड', म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेलं, असं छापणाऱ्यांपैकी कुणीच विचारलं नाही. त्या वेळी मला वाटलं, लेख चांगलाच असणार.

माझ्या पिढीतल्या प्राध्यापकांना हा रस्ता तोंडपाठ आहे. बढतीसाठी गुण हवेत, गुणांसाठी लेख हवेत, लेखासाठी नियतकालिकाला आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक हवा. 2018 च्या नियमावलीत आमच्या विद्याशाखेतल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका लेखाला 10 गुण आहेत. मागणी अशी असली की पुरवठा होतोच. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी केली, मग 2018 च्या मे महिन्यात त्याच यादीतली 4,305 नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकली. पुढं आयोगाचीच 'केअर' नावाची नवी यादी आली. तिच्यात आपलं नियतकालिक आहे की नाही हे लोक रोज सकाळी बाजारभावासारखं बघायचे. 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर आली. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी लेख छापलेला असायलाच हवा, ही अट 2022 मध्ये गेली, ते मात्र फार चांगलं झालं. तासिका तत्त्वावर राबणारी मुलं त्या अटीपायी उसनवारी करून फी भरताना मी पाहिली आहेत.

याद्या आल्या आणि गेल्या. माझं दुखणं वेगळंच राहिलं. लेख लिहिताना समोर वाचणारं माणूस नव्हतं, आणि नव्हतं याची मला खंतही नव्हती.

शिकवण्याचंही तेच. आम्ही 'उपयोजित मराठी' शिकवतो. पत्रलेखन, वृत्तलेखन, जाहिरात, मुलाखत, आणि गेली काही वर्षं ब्लॉगलेखनसुद्धा. परीक्षेत प्रश्न येतो, 'ब्लॉग म्हणजे काय ते सांगून ब्लॉगलेखनाचे स्वरूप स्पष्ट करा.' मुलं समास सोडून, निळ्या शाईनं, चार पानं स्वरूप स्पष्ट करतात. मी लाल पेनानं दहापैकी सहा देते. त्यांनी ब्लॉग लिहिलेला नसतो, मी तो वाचलेला नसतो. वीस वर्षं मी लेखन शिकवते आहे आणि या वीस वर्षांत मुलांनी जे लिहिलं ते फक्त मी वाचलं, तेही गठ्ठ्यातला पुढचा पेपर उचलायच्या घाईत.

याच मुलांच्या लेखनाची ताकद मी पाहिली ती पुरात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद. शहरात पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला पाण्यानं वेढलं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी चिखलीत अडकली होती. मंगळवारी, 6 तारखेला सकाळी तिचा मेसेज आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. तो मी आजही जपून ठेवला आहे:

"प्रयाग चिखली. आमच्या गल्लीत 3 घरांत मिळून 11 माणसं वरच्या मजल्यावर आहेत. एक बाळंतीण, बाळ 9 दिवसांचं. दोन म्हातारी चालू शकत नाहीत. पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीला. बोट मागच्या बाजूनं, शेवग्याच्या झाडाकडनं येऊ शकते, पुढं तारा आहेत. मेसेज नको, फोन करा, बॅटरी 30 टक्के. मंगळवार सकाळी 7.20."

एकही विशेषण नाही. कोण वाचणार, त्याला काय करायचंय, त्यासाठी काय कळायला हवं, एवढंच त्यात आहे. शेवग्याचं झाड आहे. मी वर्षानुवर्षं 'आशयाला अनुरूप अभिव्यक्ती' असं फळ्यावर लिहिते, ती ही. दुपारपर्यंत तो मेसेज शेकडो ग्रुपांवर फिरला आणि संध्याकाळी त्या अकराही जणांना बोटीनं बाहेर काढलं.

पण मेसेज थांबला नाही. कुणी तरी तो पुढं पाठवताना शेवटची ओळ गाळली, कुणी वर 'अत्यंत तातडीचे' असं लिहिलं. वेळ आणि वार दोन्ही गेले. गुरुवारी, शुक्रवारी, अगदी रविवारीही तिला फोन येत होते. सुटकेच्या कामातली माणसं, परगावची माणसं, 'ताई, बोट पाठवतो, कुठं यायचं?' म्हणणारी. ती निवारा केंद्रात बसून प्रत्येकाला सांगत होती की आम्ही सुखरूप आहोत, दुसरीकडं जावा. तिनं 'सुटका झाली' असा नवा मेसेजही पाठवला, पण पहिल्याच्या वेगाला तो गाठू शकला नाही. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, तारीख खाली लिवली हे चुकलंच माझं. वरच्या ओळीत पायजे होती. खालचं लोक कापत्यात."

पुढच्या वर्षी टाळेबंदीत घरी बसून वाचत असताना मला कळलं, तिनं जे एका आठवड्यात अंगावर काढलं, त्याचा अभ्यास करणारी एक अख्खी विद्याशाखा आहे. इंग्रजीत तिला डिजिटल ऱ्हेटरिक म्हणतात. ऱ्हेटरिकला आपण 'वक्तृत्वशास्त्र' म्हणतो आणि वक्तृत्व म्हटलं की आपल्याला स्पर्धेतला ढाल-तुरा आठवतो. ग्रीक आणि रोमन लोकांनी या शास्त्राची पाच अंगं मानली होती: मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, शैली, स्मरण, आणि शेवटी प्रत्यक्ष सादर करणं. छापील पुस्तकांच्या काळात शेवटची दोन मागं पडली. पडद्यावर लिहिणं आलं तशी ती पुन्हा पुढं आली, कारण मजकूर कुठं, कशातून, किती वेगानं आणि कुणाच्या हातून पोचतो यावर त्याचा अर्थ ठरू लागला.

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला लेखनाचा स्वतंत्र वर्ग असतो आणि तो शिकवणाऱ्यांची स्वतंत्र परिषद 1949 पासून आहे. संगणकावरच्या लेखनाविषयी त्यांच्यातल्या काहींनी 1983 साली एक साधं वार्तापत्र काढलं, त्याचं पुढं मोठं नियतकालिक झालं. आणि 1996 साली 'कैरॉस' नावाचं नियतकालिक निघालं. ते फक्त वेबवर निघतं, छापत नाहीत. लेखकाकडून पैसे घेत नाहीत, वाचकाकडूनही नाही. त्यात येणाऱ्या लेखनाला ते 'वेबटेक्स्ट' म्हणतात. आवाज, चित्र, दुवे, पानाची रचना हा सगळा युक्तिवादाचाच भाग धरतात. कैरॉस म्हणजे ग्रीकमध्ये योग्य वेळ, बोलण्याचा नेमका प्रसंग. एम.ए.ला साहित्यशास्त्र शिकवताना क्षेमेंद्राचा औचित्यविचार येतो, म्हणजे काव्यात काय कुठं शोभतं याचा विचार, मला तो आठवला.

तिथं जिम रिडॉल्फो आणि डॅनिएल डेव्हॉस यांचा 2009 सालचा एक लेख मला भेटला. मजकूर लिहितानाच, पुढं दुसरे लोक तो कसा उचलतील, कापतील, जोडतील आणि किती वेगानं फिरवतील, याचा अंदाज लेखकानं बांधायला हवा, असं ते मांडतात. ते वाचताना मला चिखलीच्या त्या मुलीचा आवाज ऐकू येत होता. खालचं लोक कापत्यात.

त्याहून मी थबकले ते 'कैरॉस'च्या परीक्षणाच्या पद्धतीपाशी. आलेला मजकूर आधी संपादक पाहतात. मग संपादक मंडळ एकत्र बसल्यासारखं त्याच्यावर चर्चा करतं. आणि मजकुरात जीव असला पण तो अजून कच्चा असला, तर मंडळातलं एखादं माणूस लेखकाबरोबर काम करतं. बरोबर काम करतं! न दिसणाऱ्या वाचकाला तो ऐकता येईल का, चित्राखाली वर्णन आहे का, ध्वनिफितीची लिखित प्रत आहे का, हेही पाहतात. माझ्या त्या लेखाला असं एक माणूस मिळालं असतं तर फॉन्टचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता. आणि ओव्यांवरचा लेख आहे तर ओव्या ऐकवा की, असंही कुणी म्हणालं असतं.

कारण ते आपल्याकडं झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि 2017 पासून त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर येत आहेत. तिथं ओवी ऐकू येते. खाली शब्द, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोटो. मी माझ्या लेखात ओव्यांचे फक्त शब्द दिले होते, आणि गाणाऱ्यांची नावं जागेअभावी गाळली होती. जागेअभावी, असं मी तेव्हा तळटीपेत लिहिलंही आहे. ती तळटीप आता वाचवत नाही.

वर्गात आता मी थोडं वेगळं करते. अभ्यासक्रम तोच आहे, पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण माझ्या हातात असतात. मुलांना मी मराठी विकिपीडियावर स्वतःच्या गावाविषयी चार ओळी लिहायला लावते. कागल तालुक्यातल्या एका मुलीनं गावच्या यात्रेविषयी लिहिलं आणि दोन दिवसांत कुणी तरी त्या वाक्यापुढं 'संदर्भ हवा' अशी खूण लावली. ती रडवेली होऊन आली. "आज्जीनं सांगितलंय मॅडम. आज्जी खोटं बोलंल व्हय?" मग आम्ही करवीर नगर वाचन मंदिरात गेलो, 1850 सालापासूनच्या त्या ग्रंथालयात तिनं पहिल्यांदा पाऊल टाकलं. 1886 च्या कोल्हापूर गॅझेटियरची स्कॅन प्रतही पडद्यावर उघडून पाहिली. गावाचं नाव सापडलं, यात्रा नाही सापडली. तिनं विकिपीडियावरचं वाक्य स्वतः काढून टाकलं. आणि आजीनं सांगितलेली यात्रा वेगळी लिहून काढली, आजीचं नाव, वय आणि ज्या दिवशी सांगितलं ती तारीख घालून. तारीख पहिल्याच ओळीत.

वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला 'याला आधार काय द्यायचा?' असं विचारलं नव्हतं. तिनं विचारलं, कारण कुणा अनोळखी माणसानं तिचं वाक्य खरोखर वाचलं होतं.

माझा लेख युनिकोडमध्ये आणायचं काम आम्ही दोघांनी ऑगस्टमध्ये केलं, मी आणि शाहूवाडीचा तो मुलगा. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात, पण ती रफार आणि पहिल्या वेलांटीपाशी अडखळतात. 'अर्थ'चा 'अथर्' होतो, 'वर्ग'चा 'वगर्'. तो ऐकत जायचा आणि मोडका शब्द आला की कळ दाबून थांबायचा. काही चुका त्याच्या कानाला लागायच्या नाहीत, त्या मी डोळ्यांनी धरायची. 'दऱ्याखोऱ्यांतल्या बायका' असं मी लिहिलं होतं, त्याचं 'दर्याखोर्‍यां' असं काही तरी अर्धंमुर्धं झालं होतं. मी सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "शाहूवाडीला दर्या कुठनं आणला मॅडम?" बारा पानांना आम्हाला सहा दुपारी लागल्या. माझं लेखन इतक्या सावकाश मी स्वतःही कधी वाचलं नव्हतं.

सातव्या पानावर तो थांबला. मला वाटलं, शब्द मोडलाय. मी पडद्यावर शोधायला लागले.

"शब्द बरोबर हाय," तो म्हणाला. "पर हितं तुम्ही लिहिलंय की पहाटेच्या अंधारात बाई जात्याशी एकटी असती, म्हणून ओवी हे तिचं स्वतःशी बोलणं हाय."

ते त्या लेखाचं मध्यवर्ती विधान. चर्चासत्रात त्याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

"आमच्यात दोघी बसायच्या जात्याला, समोरासमोर. खुंट्याला दोघींचा हात. एक ओळ आज्जी म्हणायची, दुसरी चुलत आज्जी. दळण जास्त असलं की एकटीला ओढत न्हाई जातं." तो जरा थांबला. "मग ती स्वतःशी कशी बोलंल? समोर बाई बसलीया की."

मी काही बोलले नाही. वही उघडून त्याचं वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं, वर तारीख घातली. मग त्याला विचारलं, आजी अजून गातात का.

"जातं माळ्यावर हाय," तो म्हणाला. "पर दोघीबी हायत्या. रविवारी येतासा? मलकापूरची गाडी सकाळी असती. फोन चार्ज करून आणा मॅडम, आमच्याकडं लाइट जाती."